शैलजाबाईंचा श्टोर्नो

आई, परवा सुपरमार्केटमध्ये घंटा वाजली आणि मी सवयीनं डावीकडे बघितलं. डावीकडे तुम्ही असायचात. ट्रॉलीची दांडी दोन्ही हातांनी धरून, घंटा झाली की परीक्षेचे पेपर वाटायला निघाल्यासारख्या ताठ व्हायच्या. काउंटरवरच्या मुलीनं कुणाचा तरी दह्याचा डबा चुकून दोनदा लावला होता. तिनं मान वर केली आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "श्टोर्नो, बिटे!" डावीकडे बिअरचं खोकं घेतलेले एक आजोबा होते. ते माझ्याकडे बघून वैतागले, मी त्यांच्याकडे बघून हसले. सांगलीहून परतल्यापासून मी कुठेही रडते, ट्रॅममध्ये, ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी, लेकीची, इराची वेणी घालताना. पण त्या काउंटरपाशी मला रडू येईना, कारण तिथं तुमची श्टोर्नोबाई आठवली.

तो तुमचा जर्मनीतला, ब्राउनश्वाइगमधला पहिला उन्हाळा. बाबा गेल्यानंतर निखिलनं तुम्हाला तीन महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतलं होतं. सांगलीच्या कॉलेजात जन्मभर पुस्तपालन शिकवून तुम्ही निवृत्त झालेल्या, आणि मी पुण्यातली कॉस्ट अकाउंटंटची नोकरी सोडून तुमच्या मुलाच्या गाड्यांच्या इंजिनांमागून इथं आलेली. सासू-सून दिवसभर एका फ्लॅटमध्ये, पाळण्यात इरा. बोलायचे विषय पहिल्या आठवड्यातच संपले होते, खरं सांगायचं तर. मग आपण रोज दुकानात जायला लागलो, गरज असो नसो. तिथं घंटा वाजायची, मुलगी ओरडायची, आणि मागून गळ्यात किल्ली अडकवलेली एक उंच बाई यायची, मशीनमध्ये किल्ली फिरवायची आणि निघून जायची. संध्याकाळी तुम्ही निखिलला सांगितलंत, "त्या दुकानात एक श्टोर्नोबाई आहेत. त्यांच्याशिवाय कुणाचं काही चालत नाही." तुमच्या कॉलेजात सगळ्यांना अशाच हाका मारत, आपटेबाई, शैलजाबाई, तशा या श्टोर्नोबाई.

निखिल सोफ्यावर आडवा होईपर्यंत हसला. "आई, ते नाव नाहीये तिचं. श्टोर्नो म्हणजे कॅन्सल."

तुम्हाला मुळीच हसू आलं नाही. तुम्ही विचारलंत, "कॅन्सल म्हणजे खोडतात, की उलट नोंद करतात?"

इंजिनियरसाहेब डोकं खाजवायला लागले. मी स्वयंपाकघरातून म्हणाले, "उलट नोंद. बिलावर मूळ ओळ तशीच राहते, खाली तीच उणे होऊन येते." तुम्ही चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघितलंत. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण मी कोण आहे हे तुम्हाला त्या संध्याकाळी कळलं असावं. मलाही तुम्ही कळलात. त्यानंतर आपल्याला बोलायला विषय कमी पडला नाही.

तुम्हाला त्या शब्दापेक्षा त्या घंटेचं जास्त नवल होतं. तुमचा वर्गातला सगळ्यात आवडता धडा 'चुकांची दुरुस्ती', आणि पोरं तिथंच चोऱ्या करायची. आकडा चुकला की ब्लेडनं हळूच खरवडायचा, वर नखानं कागद गुळगुळीत करायचा. तुम्ही तो कागद उजेडाकडे धरायच्या आणि मग त्या पोराचं काही खरं नसायचं. "आणि इथं बघ," तुम्ही मला म्हणालात, "चुकली आणि स्वतः घंटा वाजवली! वर गावाला ओरडून सांगितलं. कुणी तिला टाकून बोललं का? किल्ली आली, दुरुस्त झालं, पुढचं गिऱ्हाईक." मी म्हणाले, अहो, ती पद्धत आहे इथली. तुम्ही म्हणालात, पद्धतच तर शिकवता येत नव्हती मला पोरांना.

हे तुम्ही पोरांबद्दल बोलत होतात की माझ्याबद्दल, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. कारण ब्लेडनं खरवडणारी त्या घरात मीच होते. जर्मनचे सगळे वर्ग मी केले होते, परीक्षा पास होते, आणि घराबाहेर तोंड उघडत नव्हते. या भाषेत टेबल पुरुष, दिवा बाई आणि पुस्तक नपुंसक, आणि चुकीचं लिंग लावलं की मला समोरच्याच्या भुवया हललेल्या दिसायच्या. कधीकधी तर न हललेल्याही हललेल्या दिसायच्या. पुण्यात मी मीटिंगमध्ये डायरेक्टरला अडवलेलं आहे. इथं शेजारच्या फ्राऊनं जिन्यात विचारलं, तुम्ही काय करता, तर मी म्हणायची, हाउसफ्राऊ, म्हणजे गृहिणी. कारण तो एकच शब्द मला न चुकता येत होता. जाहिराती दिसायच्या, हिशेबनीस पाहिजे. मी अर्ज लिहायची आणि पाठवायची नाही. तुम्ही हे सगळं पहिल्या पंधरा दिवसांत हेरलंत आणि चकार शब्द काढला नाहीत.

नुसतं म्हणालात, "मला त्या लायब्ररीतल्या गप्पांना जायचंय. एकटीला भीती वाटते, तू सोबत चल." भीती आणि तुम्हाला! लायब्ररीत दर गुरुवारी श्प्राखकॅफे भरायचं, परदेशातून आलेल्या लोकांनी चहा प्यायचा आणि मोडकंतोडकं जर्मन बोलायचं. तुमचं जर्मन म्हणजे नमस्काराचं गुटन टाग, आभाराचं डांके आणि श्टोर्नो. तेवढ्या भांडवलावर तुम्ही नऊवारी नसली तरी इरकल नेसून जाऊन बसलात.

समोर ओल्गा होती, कझाकस्तानातून आलेली, तुमच्याच वयाची, सोन्याच्या दातांची. तिला इंग्रजी येत नव्हतं, तुम्हाला रशियन येत नव्हतं. मी मध्ये दगडासारखी. तुम्ही बोट स्वतःकडे करून म्हणालात, "श्टोर्नो," आणि खडूनं फळ्यावर लिहिल्याचा हावभाव केलात. ओल्गाचे डोळे एवढे झाले. ती तिकडे कारखान्यात हिशेब लिहायची! "स्तोर्नो! क्रास्नोये स्तोर्नो!" ती म्हणाली आणि पर्समधून लाल लिपस्टिक काढून दाखवली. त्यांच्याकडे उलट नोंद लाल शाईनं करत. मग तुमचं दोघींचं जे काही सुरू झालं! ती म्हणाली, साल्डो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी म्हणाले, शिल्लक. ती म्हणाली, ब्रुटो, नेटो. ग्रॉस आणि नेट, हे तुम्हाला बिस्किटाच्या पुड्यावरून ठाऊक होतं. शेजारी चेक मुलगी होती, याना, ती म्हणाली आमच्याकडे हॉटेलची खोली रद्द केली तरी स्तोर्नोच. पलीकडचा हंगेरियन विद्यार्थी म्हणाला, आमच्याकडे तर मुलीनं ऐनवेळी भेटायला नकार दिला तरी तेच म्हणतात, आणि कसनुसा हसला, त्यावरून त्याचं काय झालं होतं ते सगळ्यांना समजलं. अर्धा तास त्या टेबलावर एकही धड वाक्य झालं नाही आणि तरी कुणी गप्प नव्हतं. मी दुभाषी म्हणून मध्ये पडत गेले आणि घरी येताना लक्षात आलं, आपण अर्धा तास जर्मन बोललो.

मग तुम्हाला त्या शब्दाचं वेडच लागलं. जो भेटेल त्याला गाव विचारायचं आणि मग "श्टोर्नो?" शेवटी आपण त्याच्या माहेरीच गेलो, म्हणजे कोपऱ्यावरच्या इटालियन आईस्क्रीमवाल्याकडे. तुम्ही विचारलंत. तो चमचा टाकून दोन्ही हात पाखरासारखे फडफडवायला लागला. इटालियनमध्ये स्तोर्नो म्हणजे एक पक्षी, आपल्या साळुंकीच्या जातीतला. तुमचा चेहरा पडला. मग त्याची बायको आतून आली, दुकानाचे हिशेब तीच बघायची. ती म्हणाली, आहे ना, हिशेबात आहे. स्तोर्नारे म्हणजे मागे वळवणं. पण हॉटेलची खोली रद्द करताना आम्ही तो वापरत नाही, ते या बाहेरच्या लोकांनी सुरू केलं. शब्द आमचा, धंदा त्यांचा. "आणि आईस्क्रीम?" तुम्ही माझ्यामार्फत विचारलंत. ती म्हणाली, आईस्क्रीमचं श्टोर्नो होत नाही, वितळतं.

त्या दिवशी पिस्त्याचा कोन खात तुम्ही मला जे सांगितलंत ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगायला गेलं की मला भरून येतं. तुम्ही म्हणालात, "अगं स्वाती, म्हणजे हा शब्द जर्मनांचा नाहीच. खात्याला म्हणतात तो कोन्टो नाही, साल्डो नाही, ब्रुटो नाही, नेटो नाही. हिशेबाची सगळी भाषा यांनी इटलीहून उचलून आणलीय. आणि आणली ती आणली, वर श लावून उच्चार बिघडवलाय. त्यांना कुणी हसलं? जे त्यांचंच नाही ते चुकीचं बोलायला तू कसली घाबरतेस?"

मी म्हणाले, आई, कोन ओघळतोय. तो तुमच्या इरकलवर ओघळलाच.

लगेच सगळं बदललं असं मात्र नाही. तुमच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आपलं ते भांडण झालं. ओकर नदीच्या काठी, बाकावर, बदकांसमोर. तुम्ही पुन्हा नोकरीचं काढलंत आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "एवढं श्टोर्नो श्टोर्नो करता ना, मग माझं इथं येणंच श्टोर्नो करा. मला माझी पुण्यातली खुर्ची परत द्या." आजूबाजूचे लोक बघायला लागले. मला वाटलं आता सासू बोलणार. बोलली मास्तरीण. "ती नोंद चुकलेली नाही," तुम्ही म्हणालात. "अर्धीच झालीय. तू नावे टाकलंस आणि उठलीस. जमेची बाजू कोण लिहिणार? मी? मी तर सप्टेंबरात जाणार." मी तुमच्यावर दोन दिवस रुसले होते. तुम्हीही रुसला होतात, पण तुमची भाकरी नेहमीसारखी फुगत होती, म्हणून मला पत्ता लागला नाही.

तिथून घरात नवीन रीत सुरू झाली. बोलायचं बिनधास्त, आणि चूक ध्यानात आली की आपणच मोठ्यानं "श्टोर्नो" म्हणायचं आणि बरोबर बोलायचं. डी टिश, श्टोर्नो, डेअर टिश, टेबल पुरुष ना! तुम्ही तर चूक सुधारायच्या आधीच श्टोर्नो म्हणून मोकळ्या व्हायच्या. इरा तेव्हा नुकती बोलायला लागली होती. तिला वाटायचं तो जर्मन भाषेचाच भाग आहे, प्रत्येक वाक्यात एकदा यायलाच हवा. किंडरगार्टनच्या बाईंनी मला बोलावून विचारलं, ही मुलगी मधूनच श्टोर्नो का म्हणते? मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, आणि समजावता समजावता स्वतः तीनदा म्हणाले.

आणि मग ती मुलाखत. कर सल्लागाराचं छोटं ऑफिस, म्हातारे मालक, टाय बांधलेले. सगळं बरं चाललं होतं. त्यांनी विचारलं, जुन्या नोंदीत चूक सापडली तर काय कराल? उत्तर मला झोपेतही येत होतं. मी रुबाबात सुरुवात केली, "डास फेलर..." आणि फेलर म्हणजेच चूक, आणि त्या चुकीचंच लिंग मी चुकवलं. हात आपोआप वर गेला. मी म्हणाले, "श्टोर्नो! डेअर फेलर." मालकांनी टाय सैल केला आणि हसायला लागले ते थांबेनात. "गेनाऊ, फ्राऊ कोलेगिन," ते म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर, सहकारी बाई. "खोडायचं नाही, उलटवायचं आणि बरोबर लिहायचं. आमच्या कायद्यातही तेच आहे, नोंद खरवडायला बंदी." आई, कायद्यात! मला तेव्हा नोकरीपेक्षा तुम्हाला ते फोनवर कधी सांगते असं झालं होतं.

फोनवर तुम्ही काय म्हणालात? "बरं. शेवटची तपासणी कोण करतं तिथं?" एवढंच. मी म्हणाले, सध्या मालक. तुम्ही म्हणालात, "मग पुढे तू कर." अभिनंदन वगैरे तुमच्या शब्दकोशात नव्हतं. पुढची परीक्षा पास झाले तेव्हाही "बरं". मालकांनी शेवटची तपासणी खरोखर माझ्याकडे दिली तेव्हाही "बरं, चष्म्याचा नंबर बघून घे." नातेवाईकांसमोर तर त्याहून कमी. "असते एका ऑफिसात," एवढं बोलून तुम्ही पोहे घ्यायला उठायच्या. मला राग यायचा, हे आता सांगून टाकते. माझ्या माहेरी माझं कौतुक पेपरात आल्यासारखं व्हायचं आणि तुमच्याकडे नुसतं "असते".

आपला एक वाद अर्धाच राहिला. तुम्ही म्हणायच्या की श्टोर्नो मराठीत सरळ आहे तसा घ्यावा. मी म्हणायची, उलट नोंद असा छान शब्द असताना कशाला? मराठी माध्यमात जन्म घालवलेली बाई परक्या शब्दाची बाजू घेते आणि सून मराठीची, हे बघून निखिल पॉपकॉर्न करायला उठायचा. तुमचं म्हणणं, "उलट म्हटलं की पोरांना वाटतं आपण काहीतरी वाईट केलं. श्टोर्नोत तो ओरडा नाही. रशियनांनी घेतला, चेक लोकांनी घेतला, हंगेरीत घेतला. इंग्रजांनी तेवढा घेतला नाही, म्हणून आपल्यापर्यंत आला नाही. बँक आली ना इटलीचीच फिरत फिरत? ती परत पाठवतेस का?" मी म्हणायची, मग 'रद्द' काय वाईट? त्यावर तुम्ही खवळायच्या. रद्द केलं की मागे काय होतं ते दिसत नाही, श्टोर्नोत दिसतं. मला तुमचं म्हणणं पटत होतं. पण पटलं म्हटलं असतं तर वाद संपला असता, आणि दर रविवारचा तो फोन मला हवा होता. शेवटच्या रविवारीही तुम्ही म्हणालात, "नवीन मुद्दा सापडलाय, जूनमध्ये आल्यावर सांगते." मुद्दा काय होता, आई? मी तेव्हापासून शोधते आहे. इटलीतून शोधून झालं, हंगेरीतून झालं. तुमच्या डोक्यात काय होतं ते मला सापडत नाही.

सांगलीला निखिल आधी पोहोचला, मी आणि इरा दुसऱ्या दिवशी. झोपेत गेलात, कुणाला त्रास न देता, सगळे म्हणत होते. मला तेवढंही पटलं नाही. तुम्ही थोडा त्रास दिला असता तर मी पोहोचले असते. इरानं तुमच्या खाटेकडे बघून जर्मनमध्ये विचारलं, आजी कुठंय. तुम्ही गेल्या उन्हाळ्यात तिला अट घातली होतीत, तिनं मराठीत विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. मी थांबले. तिनं पुन्हा विचारलं, मराठीत. मग मला उत्तर द्यावं लागलं.

आता जे सांगायला बसले ते. दिवसकार्याच्या आधी माणसांची रीघ लागली होती. तुमचे विद्यार्थी म्हणजे आता टक्कल पडलेले, नातवंडं असलेले लोक. कुणी बँकेत, कुणी साखर कारखान्यात. दुपारी एक बाई आल्या, तुमच्याच हाताखाली शिकलेल्या आणि आता तुमच्याच वर्गात शिकवणाऱ्या. चहा झाला. माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही जर्मनीच्या ना? मागच्या दिवाळीला मी बाईंना विचारलं होतं, सून तिकडे काय करते?"

मी मनात म्हणाले, झालं, असते एका ऑफिसात.

त्या म्हणाल्या, "बाई म्हणाल्या, माझंच काम करते. माझ्यापेक्षा चांगलं."

आई, मी उठून आत गेले आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभी राहिले. पाच वर्षं. पाच वर्षं 'बरं' म्हणत होतात, आणि हे सांगलीभर वाटत होतात. तोंडावर एकदा बोलला असतात तर काय झालं असतं? मी शेफारले असते? असते कदाचित. मला शेफारायचं होतं हो.

मग मी बाहेर आले आणि जो येईल त्याला, कुणी विचारलेलं नसतानाही, सांगत सुटले. आत्याबाई डोळे वटारत होत्या, सुतकात सुनेनं एवढं बोलू नये. मी बोलले. मी शैलजाबाईंची सून, मी त्यांचंच काम करते. 'माझ्यापेक्षा चांगलं' एवढं मात्र मी कुणाला सांगितलं नाही. ते मला मान्य नाही, आणि त्यावर मला तुमच्याशी भांडायचं होतं.